मेंदूचा ऑटोइम्यून दाह आणि त्याची प्राणी-प्रतिमाने: एक आढावा

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे मेद व प्रथिने यांचे वेष्टन असते, आणि चेतासंदेश वेगाने व अचूक ठिकाणी पोहोचणे बऱ्याच अंशी या वेष्टनावर अवलंबून असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात, ज्याला वैद्यकीय व्यवहारात ‘एमएस’ म्हणतात, शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा या वेष्टनावर ठिकठिकाणी हल्ला करते. जेथे हल्ला होतो तेथे दाह उत्पन्न होतो, मायलिन झडते, पुढे चेतातंतूही निकामी होतात, आणि जखम मेंदूच्या कोणत्या भागात आहे त्यानुसार एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, पायांतील बळ जाणे, तोल सुटणे किंवा लघवीवरील ताबा जाणे अशी लक्षणे दिसतात. बाहेरून आलेल्या जंतूंविरुद्ध वापरायची शस्त्रे शरीर स्वतःच्याच ऊतींवर चालवते, अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार एमएसचे सुमारे २८ लाख रुग्ण होते; हा आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो.

रुग्णाच्या मेंदूतील दाह सुरू होताना प्रत्यक्ष पाहणे शक्य नसते. रुग्ण डॉक्टरकडे येतो तोपर्यंत आजाराचा आरंभ मागे पडलेला असतो, आणि मेंदूचा तुकडा तपासणीसाठी काढण्याचे प्रसंग विरळा. त्यामुळे या आजाराविषयीचे बरेचसे ज्ञान प्राण्यांत मुद्दाम घडवलेल्या एका रोगातून आलेले आहे. त्याचे नाव एक्स्पेरिमेंटल ऑटोइम्यून एनसेफॅलोमायलायटिस, संक्षेपाने ‘ईएई’, म्हणजे प्रयोगाने घडवलेला, मेंदू व मज्जारज्जू या दोहोंचा ऑटोइम्यून दाह. मूळ रोगाची निवडक लक्षणे प्राण्यात उभी करून त्यांवर प्रयोग करण्याच्या अशा पद्धतीला प्रतिमान म्हणतात. ईएईला एमएसचे प्रतिमान मानावे की नाही, यावर गेली कित्येक दशके वाद आहे. हे प्रतिमान खरे की खोटे या रूपात तो वाद मांडला जातो तेव्हा तो बहुधा निष्फळ ठरतो. कोणत्या प्रश्नाचे उत्तर या प्रतिमानाकडे आहे आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, अशा रूपात तो मांडला तर उपलब्ध पुराव्याची बरीच संगती लागते. या प्रतिमानाचा उगम ज्या मानवी दुर्घटनेत आहे तिचे महाराष्ट्राशी जवळचे नाते असल्याने आढाव्याचा आरंभ तेथूनच करणे उचित ठरेल.

मेंढीच्या मेंदूची लस

जालना जिल्ह्यातील परतूर, किंवा मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, चाळिशी ओलांडलेल्या माणसांना कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने ठाऊक आहेत. ती लस बनत असे मेंढीच्या मेंदूपासून. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये रेबीजची पहिली लस सशाच्या मज्जारज्जूपासून तयार केली, कारण रेबीजचा विषाणू चेतासंस्थेतच वाढतो आणि त्या काळी तो वाढवण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. हिमालयाच्या पायथ्याशी कसौली येथील सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये त्यात सुधारणा करून विषाणू कार्बोलिक आम्लाने मारण्याची पद्धत बसवली. ही सेम्पल लस स्वस्त होती, बनवायला सोपी होती, आणि कसौली, कुन्नूर, मुंबईची हाफकिन संस्था अशा ठिकाणांहून तिचा पुरवठा देशभर होत राहिला. दररोज कित्येक मिलिलिटर इतके द्रावण पोटाच्या त्वचेखाली सात ते चौदा दिवस टोचले जाई, आणि प्रत्येक सुईबरोबर मारलेल्या विषाणूसोबत मेंढीच्या मेंदूतील मायलिनही शरीरात जात असे.

पाश्चर यांच्या काळापासूनच एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली होती. लस घेणाऱ्यांपैकी काही जणांना, सुया सुरू झाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत, ताप, पायांतील बळ जाणे, लघवी तुंबणे, शुद्ध हरपणे असा त्रास होई, आणि त्यातील काही जण दगावत. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष अंगात भिनले अशी समजूत लोकांत असणे स्वाभाविक होते, आणि लशीतील विषाणू पुरता मेला नसावा अशी शंका काही वैद्यकांनाही होती. पण मृतांच्या मेंदूत रेबीजच्या खुणा नसत. शिरांभोवती दाहपेशींची गर्दी आणि तिच्या आजूबाजूला झडलेले मायलिन दिसे. थायलंडमधील हेमाचुधा आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की अशा रुग्णांच्या शरीरात मायलिनमधील एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध, मायलिन बेसिक प्रोटीनविरुद्ध, प्रतिपिंडे तयार झालेली असतात. प्रतिपिंड म्हणजे विशिष्ट परक्या रेणूला चिकटण्यासाठी प्रतिकारयंत्रणेने घडवलेले प्रथिन. लशीचा हेतू विषाणूविरुद्ध प्रतिकार निर्माण करण्याचा होता, आणि तिने काहींच्या शरीरात मेंदूविरुद्धही प्रतिकार निर्माण केला. हाच तर्क करून त्याआधीच, १९५५ मध्ये, चिलीमधील फुएन्झालिदा व पालासिओस यांनी नवजात उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवण्याची पद्धत काढली, कारण त्या वयात मेंदूत मायलिन फारच थोडे असते. त्या लशीने अपघात कमी झाले, पण पूर्णपणे थांबले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९८० च्या दशकात चेताऊतीच्या लशी सोडून देण्याची शिफारस केली, आणि भारतात त्यांचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आज ग्रामीण रुग्णालयात दंडावर किंवा त्वचेत मिळणारी लस पेशीसंवर्धनातून बनते व तिच्यात मेंदूची ऊती नसते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष फारसा चर्चिला गेलेला नाही. मेंदूच्या ऊतीने माणसाचे लसीकरण झाल्यास काय घडते, याचे उत्तर देणारा एक अनभिप्रेत प्रयोग भारतात जवळजवळ शतकभर चालू होता, आणि त्याचे फलित तीव्र, बहुधा एकदाच येणारा आघात असे होते. ज्यांना तो झाला त्यांपैकी कोणी दगावले, कोणी अपंगत्व घेऊन जगले, कोणी पूर्ण बरे झाले. पण वर्षानुवर्षे पुनःपुन्हा उसळणारा आणि शेवटी सावकाश वाढत जाणारा एमएस हे त्याचे नेहमीचे रूप नव्हते. वैद्यकात या एकवेळच्या आघाताला अक्यूट डिसेमिनेटेड एनसेफॅलोमायलायटिस म्हणतात, आणि गोवर किंवा इतर संसर्गांनंतरही, विशेषतः मुलांत, तो दिसतो. मायलिनविरुद्ध प्रतिकार जागा होणे हे मेंदूत दाह घडवायला पुरेसे आहे, पण एमएस घडवायला एवढे पुरेसे नसावे, हा धडा प्राण्यांवरील प्रयोग सुरू होण्याआधीच माणसांत उपलब्ध होता.

माकडापासून उंदरापर्यंत

लशीच्या या अपघातांचा उलगडा करण्यासाठीच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ मध्ये, स्प्रंट आणि बेरी यांच्यासह, माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचे अर्क पुनःपुन्हा टोचले. विषाणूचा लवलेश नसतानाही काही माकडे लुळी पडली. १९३५ मध्ये रिव्हर्स आणि श्वेन्टकर यांनी हाच प्रयोग अधिक काळ चालवून मेंदूतील दाहासोबत मायलिनचा नाशही स्पष्टपणे दाखवला. या प्रयोगांत महिनोन्महिने, डझनांनी सुया द्याव्या लागत, त्यामुळे ते प्रतिमान म्हणून फारसे उपयोगी नव्हते. ही अडचण १९४७ च्या सुमारास दूर झाली, जेव्हा ज्यूल्स फ्रॉइंड यांनी तयार केलेले सहायक मिश्रण मेंदूच्या अर्कात मिसळले गेले. या मिश्रणात खनिज तेल आणि मारलेले क्षयजंतू असतात. तेलामुळे प्रतिजन, म्हणजे ज्याविरुद्ध प्रतिकार घडवायचा तो पदार्थ, टोचल्या जागी दीर्घकाळ टिकून राहतो, आणि क्षयजंतूंमुळे प्रतिकारयंत्रणेला खऱ्या संसर्गाची सूचना मिळते. एल्विन कॅबट, वुल्फ व बेझर यांना या मिश्रणाने माकडांत मोजक्या सुयांनी काही आठवड्यांत रोग घडवता आला. पुढे कॅबट यांनी माकडाच्या मेंदूचा एक भाग शस्त्रक्रियेने काढून, तोच मिश्रणात घालून, त्याच माकडाला टोचला, आणि तरीही रोग झाला. प्राणी स्वतःच्याच मेंदूविरुद्ध लढू शकतो याचा इतका थेट पुरावा त्यापूर्वी नव्हता.

त्यानंतर हा रोग गिनीपिग, उंदीर आणि आकाराने मोठे उंदीर, म्हणजे रॅट, यांत घडवण्यात आला. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी रॅटच्या लसिका ग्रंथींतील पेशी निरोगी रॅटमध्ये सोडून रोग संक्रमित केला. रक्तातील द्रवभागाने तो तसा संक्रमित होत नसे, त्यामुळे संशय प्रतिपिंडांवरून पेशींकडे वळला. १९८१ मध्ये इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये आव्राहम बेन-नून, हार्टमुट वेकेर्ले आणि इरुन कोहेन यांनी मायलिन बेसिक प्रोटीन ओळखणाऱ्या टी-पेशींचा शुद्ध वंश प्रयोगशाळेत वाढवला आणि तो एकटाच रॅटला लुळे करण्यास पुरेसा असल्याचे दाखवले. टी-पेशी म्हणजे थायमस ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या, विशिष्ट प्रतिजन ओळखून इतर पेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशी. पण तोपर्यंत आणि त्यानंतरही झालेल्या तपासण्यांत अशाच मायलिन-ओळखी टी-पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडल्या. याचा अर्थ असा की मेंदूवर उलटू शकणाऱ्या पेशी जवळजवळ सर्वांच्याच शरीरात असतात, आणि संशोधनाचा खरा प्रश्न त्या जाग्या का होतात आणि बहुतेकांत निद्रिस्त का राहतात हा आहे.

आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यास स्थिरावली. सी५७ ब्लॅक-६ या काळ्या उंदरांच्या जातीला मायलिनच्या पृष्ठभागावरील मायलिन ऑलिगोडेन्ड्रोसाइट ग्लायकोप्रोटीन, संक्षेपाने ‘मॉग’, या प्रथिनाचा ३५ ते ५५ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा तुकडा फ्रॉइंडच्या मिश्रणात टोचतात आणि त्याच दिवशी व दोन दिवसांनी डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष शिरेतून किंवा पोटातून देतात. या विषामुळे दाहपेशींचा मेंदूत प्रवेश सुकर होतो. साधारण नवव्या ते चौदाव्या दिवशी उंदराची शेपटी ढिली पडते, मग मागचे पाय लटपटतात आणि पुढे ते लुळे होतात. निरीक्षक रोज शून्य ते पाच असे गुण देतो: ढिल्या शेपटीला एक, मागील पायांच्या पूर्ण लुळेपणाला तीन, मरणासन्न वा मृत अवस्थेला पाच. एसजेएल नावाच्या दुसऱ्या जातीला मायलिनमधीलच प्रोटिओलिपिड प्रोटीनचा तुकडा दिल्यास रोग उसळतो, ओसरतो आणि पुन्हा उसळतो, म्हणून एमएसमधील चढउतारांच्या अभ्यासासाठी ती जात पसंत केली जाते. एकाच प्रथिनाचा तुकडा एका जातीत रोग घडवतो आणि दुसरीत नाही, यावरून आनुवंशिकतेचे महत्त्वही स्पष्ट होते. माणसांतही एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकप्रकार असणाऱ्यांत एमएसचा धोका वाढलेला आढळतो.

आरंभाचा शोध

सुई देऊन घडवलेल्या रोगावर सर्वांत मूलभूत आक्षेप असा की त्याचा आरंभ कृत्रिम असतो. रुग्णाला कोणी क्षयजंतूंसह मायलिन टोचलेले नसते. या आक्षेपाला उत्तर म्हणून १९९३ पासून असे उंदीर तयार करण्यात आले की ज्यांच्या जवळजवळ सर्व टी-पेशी जनुकीय बदलामुळे मायलिनच ओळखतात. त्यांपैकी काहींना सुई न देताच आपोआप रोग होतो. या प्रतिमानांनी दिलेली सर्वांत अनपेक्षित माहिती आतड्याशी संबंधित आहे. वेकेर्ले आणि गुरुमूर्ती कृष्णमूर्ती यांच्या म्युनिक येथील गटाने २०११ मध्ये दाखवले की असे उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवल्यास त्यांना रोग होत नाही, आणि आतड्यात नेहमीचे जीवाणू सोडल्यावर तो होऊ लागतो. पुढे याच गटाने एकाला एमएस आणि दुसरा निरोगी अशा एकरूप जुळ्यांच्या विष्ठेतील जीवाणू उंदरांत सोडले, तेव्हा आजारी जुळ्याच्या जीवाणूंनी अधिक उंदरांत रोग घडवला. गटिंगन येथील संशोधकांनी रॅटमध्ये दाखवलेली आणखी एक बाब अशी की मेंदूवर जाणाऱ्या टी-पेशी आधी फुप्फुसात थांबून तेथे मेंदूत शिरण्याची क्षमता मिळवतात. धूम्रपान हा माणसांत एमएसचा ज्ञात धोका आहे, त्यामुळे हे निरीक्षण निव्वळ कुतूहलापुरते राहत नाही.

या शोधांनंतरही आरंभाचा प्रश्न सुटत नाही. २०२२ मध्ये हार्वर्डच्या गटाने अमेरिकी सैन्यातील सुमारे एक कोटी व्यक्तींच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दाखवले की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो, आणि इतर विषाणूंबाबत असे दिसत नाही. हा विषाणू माणसाच्या बी-पेशींत, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या कुळात, आयुष्यभर राहतो, आणि साध्या उंदराला त्याचा संसर्गच होत नाही. म्हणजे एमएसचे आजवर सापडलेले सर्वांत बलवान बाह्य कारण सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रतिमानात मुळातच अनुपस्थित आहे. दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट या लहान माकडात ईएई घडवता येतो आणि त्याच्या बी-पेशींत एपस्टाइन-बारशी मिळताजुळता स्वतःचा विषाणूही असतो, त्यामुळे या प्रश्नासाठी तो अधिक जवळचा ठरतो. मात्र त्याची संख्या, खर्च आणि नैतिक मर्यादा यांमुळे असे प्रयोग थोडेच होतात.

औषधांची कसोटी

ईएईच्या उपयुक्ततेचा हिशेब बहुधा औषधांवरून मांडला जातो, आणि तो दोन्ही बाजूंनी ठोस आहे. जमेच्या बाजूला पहिले नाव ग्लाटिरामर असिटेटचे. वाइझमन इन्स्टिट्यूटमधील रूथ आर्नोन, मायकेल सेला आणि सहकाऱ्यांनी मायलिन बेसिक प्रोटीनची नक्कल करून रोग घडवण्यासाठी कृत्रिम रेणू बनवले. ते रोग घडवण्याऐवजी रोखतात असे १९७१ मध्ये आढळले, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. दुसरे नाव नटालिझुमॅबचे. १९९२ मध्ये टेड येडनॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टी-पेशींच्या पृष्ठभागावरील, रक्तवाहिनीला चिकटण्यासाठी लागणारा अल्फा-४ इंटिग्रिन हा रेणू प्रतिपिंडाने झाकला तर पेशी रॅटच्या मेंदूत शिरू शकत नाहीत. या एका निरीक्षणावरून घडलेले औषध नोव्हेंबर २००४ मध्ये मान्य झाले आणि आजही अत्यंत परिणामकारक मानले जाते. ते फेब्रुवारी २००५ मध्ये तात्पुरते मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांच्या मेंदूत जेसी विषाणूचा जीवघेणा संसर्ग झाला. हा विषाणू माणसातच राहत असल्याने कोणत्याही उंदराने त्याची पूर्वसूचना दिली नसती. योग्य तपासणीच्या अटींसह ते २००६ मध्ये परत आले.

दुसऱ्या बाजूची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. इंटरफेरॉन-गॅमा हा रेणू उंदरांतील ईएई सौम्य करतो, पण १९८७ मध्ये रुग्णांना दिल्यावर त्यांचा आजार उसळला. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहकारक रेणूला रोखणे उंदरांत उपकारक ठरले, पण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेनेरसेप्टच्या चाचणीत रुग्णांची अवस्था बिघडली. मायलिनच्या तुकड्यात किंचित बदल करून टी-पेशींना शांत करण्याचा प्रयत्न उंदरांत यशस्वी झाला होता. २००० मध्ये माणसांत तशाच बदललेल्या तुकड्याने काही रुग्णांचा दाह वाढवला आणि चाचणी थांबवावी लागली. जन्माने भारतीय असलेले हार्वर्डचे विजय कुचरू यांच्यासह अनेकांच्या कामातून टी-पेशींचा ‘टीएच-१७’ हा प्रकार आणि त्याला बळ देणारा इंटरल्यूकिन-२३ हा रेणू ईएईच्या केंद्रस्थानी असल्याचे स्पष्ट झाले. तरी इंटरल्यूकिन-१२ आणि २३ या दोहोंना रोखणारे उस्टेकिनुमॅब २००८ च्या चाचणीत एमएसवर निष्प्रभ ठरले, जे औषध सोरायसिस या त्वचारोगावर उत्तम काम करते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण बी-पेशींचे आहे. टी-पेशींभोवती फिरणाऱ्या ईएईच्या परंपरेत बी-पेशींना गौण स्थान होते. २००८ मध्ये स्टीफन हाउजर यांच्या गटाने रिटुक्सिमॅबने बी-पेशी नष्ट करून रुग्णांच्या मेंदूतील नवे दाह झपाट्याने घटवले, आणि २०१७ मध्ये त्याच वर्गातील ओक्रेलिझुमॅब मान्य झाले. नंतर उंदरांत पडताळणी झाली तेव्हा मॉगचा लहान तुकडा टोचलेल्या उंदरांत बी-पेशी काढल्याने रोग वाढला आणि पूर्ण मॉग प्रथिन टोचलेल्यांत तो घटला, असे २०१० मध्ये वेबर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. म्हणजे प्रतिमानातील उत्तर प्रतिजनाच्या निवडीवर अवलंबून होते, आणि सर्वाधिक वापरला जाणारा तुकडा नेमका चुकीचे उत्तर देत होता. भारतात २००७ पासून देशी बनावटीचे रिटुक्सिमॅब उपलब्ध असल्याने परवडणारा पर्याय म्हणून ते एमएससाठीही मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, आणि महाराष्ट्रातील अनेक रुग्णांना मिळणारा हा उपचार उंदराने सुचवलेला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भलत्या रोगाचे अचूक चित्र

ईएईने काही वेळा ज्या रोगासाठी ते वापरले गेले त्यापेक्षा वेगळ्याच रोगाचे चित्र अधिक नेमके काढले. रॅटमध्ये मॉगविरुद्धची प्रतिपिंडे मायलिन नष्ट करतात हे १९८० च्या दशकापासून ज्ञात होते, आणि पूर्ण मॉग प्रथिनाने आजारी पाडलेल्या रॅटमध्ये दृष्टीचेतेवर विशेष आघात होतो हेही पुढे दिसले. त्यामुळे एमएसच्या रुग्णांत या प्रतिपिंडांचा बराच शोध झाला, पण चाचणीची रीत सुधारल्यावर ती एमएसमध्ये क्वचितच आढळली. ती आढळली एका स्वतंत्र गटात, ज्यात दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचेतेचा दाह, मज्जारज्जूचा दाह आणि मुलांतील एकवेळचा मेंदूदाह असे रुग्ण होते. आज हा मॉग-प्रतिपिंड रोग म्हणून ओळखला जातो, आणि २०२३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय निदाननिकष प्रसिद्ध झाले. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आणखी एका रोगात अक्वापोरिन-४ या जलवाहक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ती रुग्णांकडून घेऊन ईएई झालेल्या रॅटमध्ये सोडल्यावर त्या रोगाच्या खास जखमा निर्माण झाल्या, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. भारतात पूर्वी एमएस म्हणून नोंदले गेलेले कित्येक रुग्ण प्रत्यक्षात या दोन रोगांचे असल्याने, आणि एमएसची काही औषधे त्यांपैकी एकात अपायकारक ठरत असल्याने, या प्रयोगांचा लाभ येथील रुग्णाला तुलनेने अधिक मिळाला आहे.

मायलिन झडल्यानंतर ते पुन्हा कसे भरून येते, या प्रश्नासाठी ईएई मुळातच गैरसोयीचे आहे, कारण दाह आणि दुरुस्ती दोन्ही एकाच वेळी चालू असतात. त्यासाठी उंदरांच्या खाद्यात क्युप्रिझोन हे तांब्याला बांधून ठेवणारे रसायन मिसळतात. पाच-सहा आठवड्यांत मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यातील मायलिन नाहीसे होते आणि रसायन थांबवल्यावर परत येते, आणि या सर्वांत टी-पेशींचा सहभाग नगण्य असतो. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात वर्णिलेल्या उंदरांच्या विषाणूमुळे होणारा मायलिननाश हे तिसरे प्रतिमान असून, विषाणूपासून ऑटोइम्यून दाहाकडे होणारी वाटचाल त्यात अभ्यासता येते. तरीही दुरुस्तीच्या औषधांचे यश अद्याप मर्यादित आहे: लिंगो-१ या रेणूला रोखणारे प्रतिपिंड प्राण्यांत गुणकारी ठरले पण रुग्णांच्या चाचणीत अपयशी झाले, आणि क्लेमास्टिन या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने २०१७ मध्ये दृष्टीचेतेतील संदेशाचा वेग थोडाच सुधारला.

प्रयोगाची शिस्त आणि उंदराचे आयुष्य

सर्व अपयश जैविक फरकावर ढकलणे योग्य ठरणार नाही. व्हेस्टेरिनेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ईएईवरील हजाराहून अधिक शोधनिबंध तपासले, तेव्हा प्राणी कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिकपणे ठरवल्याची नोंद दहापैकी एकाहूनही कमी निबंधांत होती, आणि गुण देणाऱ्याला गट ठाऊक नव्हता अशी नोंद साधारण सहापैकी एकात. शून्य ते पाचच्या मोजपट्टीत ‘लटपटणारा’ आणि ‘लुळा’ यांतील सीमा निरीक्षकाच्या नजरेवर असल्याने या ढिलाईचा परिणाम मोठा असू शकतो. शिवाय बहुतेक प्रयोगांत औषध रोग सुरू होण्याआधी दिले जाते, जे रुग्णाच्या बाबतीत कधीच शक्य नसते. भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखालील केंद्रीय समितीच्या देखरेखीत आणि प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीने होतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या प्राणिगृह असलेल्या संस्थांनाही तोच नियम आहे. ज्या प्राण्याला लुळेपणाची वेदना द्यायची त्याच्याकडून विश्वासार्ह उत्तर तरी मिळावे, म्हणून प्रयोगाची शिस्त हा नैतिकतेचाही भाग ठरतो.

दुसरा मुद्दा उंदराच्या राहणीचा आहे. प्रयोगशाळेतील उंदीर ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त पिंजऱ्यात, एकच खाद्य खाऊन, काही महिन्यांचे आयुष्य काढतो. २०१६ मध्ये असे दिसून आले की त्याची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसापेक्षा नवजात बाळाशी अधिक मिळते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातील उंदीर सोबत ठेवल्यावर ती प्रौढ माणसासारखी होऊ लागते. मराठवाड्याच्या संदर्भात हा मुद्दा केंद्रस्थानी येतो. एमएसचा आढळ उत्तर युरोपात लाखामागे शंभराहून अधिक आहे, तर मंगळूर शहरातील २०१४ च्या पाहणीत तो लाखामागे आठच्या आसपास होता. मुंबईच्या पारशी समाजात मात्र १९८८ आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नोशीर वाडिया यांच्यासारख्या चेतातज्ज्ञांच्या पाहण्यांत तो लाखामागे वीसहून अधिक आढळला. एकाच देशात राहूनही हा फरक दिसतो, तेव्हा आनुवंशिकतेबरोबर राहणीमान, बालपणातील संसर्ग आणि निदानाची सोय यांपैकी कशाचा किती वाटा, हा प्रश्न उभा राहतो.

बालपणी झालेले संसर्ग आणि जंत प्रतिकारयंत्रणेला संयम शिकवतात, असा एक सिद्धान्त आहे. अर्जेंटिनात २००७ मध्ये जंत असलेल्या एमएस रुग्णांत आजाराच्या उसळ्या बऱ्याच कमी आढळल्या, आणि जंतांनी ईएई सौम्य होत असल्याचे उंदरांत अनेकदा दिसले आहे. क्षयजंतूंच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मारलेले क्षयजंतू मायलिनसोबत तेलात दिल्यास रोग पेटतो. तेच कुळ बीसीजी लशीच्या रूपात आधी दिल्यास उंदीर रोगापासून बऱ्याच अंशी वाचतो, आणि इटलीत रुग्णांना बीसीजी दिल्यावर एमआरआयवरील दाहाच्या खुणा घटल्याचे १९९९ मध्ये नोंदले गेले. परतूरच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला बीसीजी जन्मतःच मिळते, जंत आणि क्षय यांच्याशी या प्रदेशातील माणसाची गाठ लहानपणीच पडते, आणि अशा प्रतिकारयंत्रणेचे प्रतिमान स्वच्छ पिंजऱ्यातला उंदीर होऊ शकत नाही. शहरीकरणाबरोबर ही पार्श्वभूमी बदलत असताना येथील आढळ वाढतो काय, हे पाहण्यासाठी प्रदेशवार रुग्णनोंदींची गरज आहे, आणि त्या नोंदींची जागा कोणताही प्राणी घेऊ शकत नाही.

आढाव्याचा निष्कर्ष

वरील सर्व पुरावा एकत्र पाहिला तर ईएईला दोष देणारे आणि त्याचा कैवार घेणारे, दोघेही अंशतः बरोबर ठरतात. जाग्या झालेल्या पेशी मेंदूत कशा शिरतात, तेथे कोणत्या रेणूंनी संवाद साधतात आणि त्यांचा प्रवेश कसा अडवता येईल, या प्रश्नांना या प्रतिमानाने टिकाऊ उत्तरे दिली, आणि नटालिझुमॅबचे यश त्याचा पुरावा आहे. मॉग-प्रतिपिंड रोग व न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांसारख्या, ज्यांत हल्ल्याचे लक्ष्य निश्चित आहे, अशा रोगांत ते सर्वांत विश्वसनीय आहे. दाहरेणूंच्या नियंत्रणाबाबत त्याची उत्तरे माणसात उलटू शकतात, हे किमान तीन चाचण्यांनी दाखवले, त्यामुळे एका जातीच्या उंदरावरील एका प्रतिजनाच्या प्रयोगावरून रुग्णांवरील चाचणी आखणे हे पुरेशा आधाराशिवाय टाकलेले पाऊल ठरते. दोन भिन्न प्रतिजन, दोन भिन्न जाती आणि रोग सुरू झाल्यानंतरचे औषध ही किमान अट असायला हवी. रोग मुळात का सुरू होतो आणि वर्षानुवर्षे सावकाश का वाढत जातो, या प्रश्नांवर मात्र ईएईचे मौन स्वाभाविक आहे, कारण त्याचा आरंभ संशोधकच करतो आणि त्याचा कालावधी आठवड्यांत मोजला जातो. त्या प्रश्नांची उत्तरे लोकसंख्येच्या दीर्घ पाहण्या, साठवलेले रक्तनमुने आणि मृत्यूनंतर दान केलेले मेंदू यांतून येत आहेत, आणि एपस्टाइन-बार विषाणूचा एमएसशी असलेला संबंध त्याच मार्गाने स्पष्ट झाला. मेंढीच्या मेंदूच्या लशीने हाच भेद माणसांत पूर्वीच दाखवून दिला होता: मायलिनविरुद्धचा हल्ला सुईने सुरू करता येतो, पण तेवढ्याने एमएस निर्माण होत नाही. पुढील प्रतिमाने घडवताना हा हल्ला अधिक तीव्र करण्यापेक्षा तो थांबल्यावरही रोग का चालू राहतो, याकडे लक्ष वळवणे अधिक फलदायी ठरेल.